बिनतारी जाळें : शेजारी किती हवेत ?

जमिनींतील ओलावा, विहिरींतील पाण्याची पातळी, हवेंतील उष्णता व पानांवरील ओल हीं मोजून त्यांचे आंकडे दूर कळविणारीं लहान बिनतारी यंत्रें आतां शेतकऱ्यांच्या आटोक्यांत येऊं लागलीं आहेत. बागाइतदारांपैकीं कित्येकांनीं तीं घेतलींही आहेत. यंत्र विकणारा त्याची किंमत सांगतो, बॅटरी किती दिवस टिकते तें सांगतो, व निरोप किती मीटरपर्यंत पोंचतो हेंही सांगतो. परंतु गांवांत अशीं यंत्रें किती बसलीं म्हणजे त्यांचें मिळून एक जाळें होईल, हा प्रश्न तो सहसा काढीत नाहीं आणि घेणाराही विचारीत नाहीं. सहकारी पद्धतीनें यंत्रें घेऊं पाहणाऱ्या संस्थांच्या दृष्टीनें खरा प्रश्न हाच आहे. त्याचें उत्तर गणितशास्त्रानें गेल्या साठपासष्ट वर्षांत बऱ्याच अंशीं दिलें आहे. त्याकडे दुर्लक्ष केल्यास पैसा खर्च होऊनही पदरांत कांहीं पडत नाहीं. म्हणून तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेतीच्या बहुतेक कामांत अर्ध्या खर्चाला अर्धें नाहीं तरी थोडें फळ मिळतेंच. खत कमी पडलें तर पीक कमी येतें, पण येतें. कुंपणाची गोष्ट निराळी. तीन बाजू बंद आणि चौथी उघडी अशा कुंपणानें गुरें थांबत नाहींत. बिनतारी जाळें ह्या दुसऱ्या जातीचें आहे. आणि ज्या संस्था त्याला खताप्रमाणें समजून थोडें थोडें घालूं पाहतात, त्यांस प्रथम बरेच दिवस निराशा सोसावी लागते.

हस्तेपरहस्ते जाणारा निरोप

बिनतारी निरोप पोंचविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतींत मध्यभागीं एक उंच मनोरा असतो व प्रत्येक यंत्र त्याच्याशीं थेट बोलतें. आपला मोबाइल ह्याच रीतीनें चालतो. दुसऱ्या रीतींत मनोरा नसतो, किंवा असलाच तर कोठें तरी एखादा असतो. प्रत्येक यंत्र आपल्या आटोक्यांतील शेजारच्या यंत्रास निरोप देतें, तें पुढच्यास देतें, आणि असा हस्तेपरहस्ते तो निरोप संस्थेच्या कचेरींत पोंचतो. येथें प्रत्येक यंत्र स्वतःचें मोजमाप करून शिवाय दुसऱ्याच्या निरोपाचें ओझें पुढें नेतें. अशा यंत्रास ह्या लेखांत आम्ही 'ठाणें' म्हणूं, आणि त्याचा निरोप जेथवर पोंचतो त्या अंतरास 'टप्पा' म्हणूं.

दुसऱ्या रीतीचें मर्म असें आहे. मोकळ्या जागेंत बिनतारी लहरींचा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. म्हणजे अंतर दुप्पट झालें कीं जोर चौथाई उरतो. जमिनीलगत ठेवलेल्या यंत्रांच्या बाबतींत, अंतर बरेंच असल्यास, तो दुप्पट अंतरावर सोळाव्या हिश्श्यापर्यंत उतरतो. म्हणून एका लांब उडीपेक्षां अनेक आंखूड उड्यांस वीज फार कमी लागते, व लहानशा बॅटरीवर काम भागतें. ज्या गांवीं एका उंच टेकडीवरून सर्व शिवार दिसतें, तेथें मनोऱ्याची रीत सोपी आहे व तीच घ्यावी. परंतु डोंगरांच्या कुशींतील गांवें, ओढ्यानाल्यांनीं तुटलेलीं शिवारें व जेथें मोबाइल मधूनच मुका होतो असे भाग, ह्यांना हस्तेपरहस्ते रीतच उपयोगी पडते.

ही रीत केवळ कागदावरची नव्हे. स्पेन देशांतील कातालोनिया प्रांतीं ओसोना नांवाचा ग्रामीण भाग आहे. तेथील दूरदूरच्या शेतवाड्यांना इंटरनेटची चांगली सोय मिळत नव्हती. तेव्हां लोकांनीं २००४ सालीं आपापल्या छपरांवर ठाणीं बसवून व तीं एकमेकांस जोडून 'गिफी' नांवाचें जाळें सुरू केलें. पुढें त्याचीं ठाणीं ३०,००० च्या वर गेलीं. आपल्याकडे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संघीय तंत्रविद्यालय ह्यांनीं मिळून, सन २००० नंतरच्या दशकांत, कर्नाटकांतील तुमकूर जिल्ह्यांत चेन्नकेशवपुर ह्या गांवीं कोरडवाहू शेतकऱ्यांसाठीं ओलावा मोजणाऱ्या बिनतारी यंत्रांचा प्रयोग केला होता.

पाझराचें गणित

ह्या विषयाच्या गणिताचा उगम बिनतारी यंत्रांत नसून कोळशांत आहे, ही गंमतीची गोष्ट होय. इंग्लंडांत सायमन ब्रॉडबेंट हे खाणकामगारांच्या वायुरोधक मुखवट्यांचा अभ्यास करीत होते. मुखवट्यांत कोळशाचे कण भरतात व त्या कणांस सूक्ष्म छिद्रें असतात. हीं छिद्रें एकमेकांस जोडलेलीं असलीं तर वायु कणाच्या आंत खोलवर शिरतो. जोडलेलीं नसलीं तर वरच्यावर अडतो. छिद्रें किती असावीं म्हणजे आंतवर वाट होईल ? ब्रॉडबेंट यांनीं जॉन हॅमर्स्ली या गणितज्ञांबरोबर ह्या प्रश्नावर १९५७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला, व सच्छिद्र पदार्थांतून पाणी पाझरतें त्या क्रियेचें नांव ह्या विषयास दिलें. आपण त्यास 'पाझर-गणित' म्हणूं.

ह्या गणितांतील मुख्य गोष्ट ज्यास पाहावयाची असेल त्यानें चौकटींचा एक मोठा कागद घ्यावा. प्रत्येक चौकटीसाठीं चिठ्ठी काढावी, व चिठ्ठी निघेल ती चौकट काळी करावी. बाजूला बाजू लागून असलेल्या काळ्या चौकटी परस्परांस जोडलेल्या समजाव्या. शेंकडा ४० चौकटी काळ्या झाल्या असतां कागदावर लहानलहान पुंजके दिसतात. एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत काळी वाट सांपडत नाहीं. शेंकडा ५० झाल्या तरी बहुधा तीच स्थिति असते. शेंकडा ५९ च्या सुमारास मात्र पुंजके एकमेकांस मिळूं लागतात, आणि शेंकडा ६५ पर्यंत गेलें असतां बहुतेक सर्व काळ्या चौकटी एकाच मोठ्या पुंजक्यांत सामील झालेल्या आढळतात. कागद लहान असल्यास ही सीमा थोडी अंधुक दिसते. कागद जितका मोठा तितकी ती रेखीव. पहिल्या ४० चौकटींनीं जें साधलें नाहीं, तें ५५ व ६५ ह्यांमधील दहांनीं साधतें. त्या दहांत विशेष गुण असतो असें नव्हे. आधींच्यांची बेरीज सीमेपर्यंत येऊन ठेपलेली असते, एवढेंच.

ज्यांच्या बागा आहेत त्यांस ह्या गणिताची उलट बाजूही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रोग एका झाडावरून शेजारच्या झाडावर जातो तोही हस्तेपरहस्तेच जातो. ब्रॉडबेंट व हॅमर्स्ली यांनीं आपल्या पहिल्याच निबंधांत रोगाच्या फैलावाचें उदाहरण दिलें होतें. रोग सीमेच्या खालीं ठेवला तर तो पुंजक्यापुरता राहतो; सीमा ओलांडली कीं सर्व बागेंत फिरतो. निरोपाच्या बाबतींत आपणांस सीमा ओलांडावयाची आहे, व रोगाच्या बाबतींत ती ओलांडूं द्यावयाची नाहीं.

साडेचार शेजारी

अमेरिकेंतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करणारे एडगर गिल्बर्ट यांनीं १९६१ सालीं हाच विचार बिनतारी ठाण्यांस लावला. त्यांची कल्पना अशी कीं, एका विस्तीर्ण मैदानावर ठाणीं जशीं पडतील तशीं विखुरलीं आहेत, आणि ज्या दोन ठाण्यांमधील अंतर टप्प्याच्या आंत आहे तीं एकमेकांशीं बोलतात. मग प्रत्येक ठाण्यास सरासरी किती शेजारी असले म्हणजे निरोप मैदानभर जाऊं शकेल ? पुढें संगणकांच्या साह्यानें झालेल्या मोजणींत हा आंकडा सुमारे ४.५ ठरला आहे.

उदाहरणासाठीं १,००० हेक्टरांचें, म्हणजे १० चौरस किलोमीटरांचें, एक शिवार घेऊं व टप्पा ३०० मीटर धरूं. ८० ठाणीं बसविलीं तर प्रत्येकास सरासरी सव्वादोन शेजारी मिळतात. दोन-चार ठाण्यांचे तुकडे होतात, व बहुतेक तुकड्यांचा कचेरीशीं संबंध येत नाहीं. १२० झालीं तर सरासरी ३.४ होते, तुकडे मोठे होतात, पण तुकडेच राहतात. १६० ठाण्यांस सरासरी साडेचार होते व आपण सीमेवर येतों. २४० झालीं म्हणजे सरासरी ६.८ होते, आणि शिवारांतील बहुतेक सर्व ठाणीं एका जाळ्यांत येतात. ८० ठाण्यांचा खर्च २४० च्या खर्चाच्या तिसरा हिस्सा आहे. पण त्यापासून होणारें काम तिसरा हिस्सा नसतें, तें जवळजवळ शून्य असतें.

टप्प्याचाही हिशोब येथेंच पाहून ठेवावा. शेजार वर्तुळाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळें टप्पा दुप्पट, म्हणजे ६०० मीटर, झाला तर सीमा गांठण्यास १६० ऐवजीं ४० ठाणीं पुरतात. उंच काठीवर यंत्र चढविल्यानें टप्पा वाढत असेल तर त्या काठीचा खर्च नव्या यंत्राच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

अगदीं सीमेवर थांबणेंही हिताचें नाहीं. समजा कोणी १८० ठाणीं बसवून समाधान मानलें. सरासरी ५.१ झाली व जाळें जुळलें. पुढें पावसाळ्यांत पांचांपैकीं एक ठाणें बंद पडलें तर १४४ उरतात, सरासरी ४.१ वर येते, आणि सबंध जाळें तुटतें. २४० ठाण्यांपैकीं तेवढाच हिस्सा बंद पडला तर १९२ उरतात व सरासरी ५.४ राहते, जाळें टिकतें. म्हणून सीमेच्या वर चांगली शिल्लक हवी.

शिवेवरचा खातेदार

'बहुतेक सर्व' आणि 'सर्व' ह्यांत मोठें अंतर आहे, आणि सहकारी संस्थेस त्या अंतराचा विचार करणें प्राप्त आहे. मॅथ्यू पेनरोज यांनीं १९९७ सालीं, व पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनीं १९९८ सालीं असें दाखविलें कीं, एकही ठाणें बाहेर राहूं नये असें म्हटल्यास ठाण्यांच्या संख्येबरोबर शेजाऱ्यांची सरासरीही वाढवीत न्यावी लागते. १०० ठाण्यांच्या जाळ्यांत ती ४.६ हून, १,००० च्या जाळ्यांत ६.९ हून, व १०,००० च्या जाळ्यांत ९.२ हून कांहींशी वर ठेवावी लागते. साडेचार शेजाऱ्यांनीं मोठा पुंजका जन्मास येतो, पण शेवटचा माणूस त्यांत येण्यास अधिक शेजार लागतो.

हा शेवटचा माणूस कोण असतो ? वरच्या २४० ठाण्यांच्या उदाहरणांत शिवाराच्या मध्यभागीं असलेलें ठाणें अगदीं एकटें पडण्याचा संभव १,००० मध्यें सुमारे एक इतका अल्प आहे. परंतु शिवेवरच्या ठाण्यास एकाच अंगाला शेजार असतो. त्याची सरासरी निम्मी, ३.४, होते, व एकटें पडण्याचा संभव १०० मध्यें ३ वर जातो. शिवाराच्या कोपऱ्यांत तर शेजार चौथाई राहतो, व तोच संभव १०० मध्यें १८ होतो. यंत्र तेंच, वर्गणी तीच. पण कोपऱ्यांतील खातेदाराचा निरोप कचेरींत पोंचतच नाहीं. महसूल खात्याचे गांवनकाशे हाताळण्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. त्यावरून सांगतों कीं, अनेक गांवीं माळाच्या व हलक्या जमिनी शिवेलगत असतात आणि त्या लहान खातेदारांच्या नांवें लागलेल्या असतात. पाणी केव्हां द्यावें हें कळण्याची गरज ज्यास सर्वांत अधिक, त्याचेंच ठाणें सर्वांत आधीं मुकें होतें. हा कोणाचा पक्षपात नव्हे. वर्गणीच्या यादीच्या क्रमानें यंत्रें वांटलीं तर गणितच असा निकाल देतें.

कालव्याकाठची ओळ

आतांपर्यंत आम्हीं चारी दिशांस पसरलेल्या शिवाराचा विचार केला. कालव्याच्या किंवा नदीच्या कांठीं ठाणीं एका ओळींत बसविलीं तर प्रकार निराळा होतो. शिवारांत एक वाट तुटली तर निरोप वळसा घेऊन जातो. ओळींत वळसा नाहीं. समजा कालव्याकांठीं १०० ठाणीं जशीं जागा मिळाली तशीं बसलीं, व प्रत्येकास पुढच्या अंगास सरासरी तीन शेजारी आहेत. तरीही दर ठाण्यापुढें टप्प्याहून मोठी फट पडण्याचा संभव १०० मध्यें ५ असतो. म्हणजे त्या ओळींत सुमारे पांच फटी पडतात व तिचे सहा तुकडे होतात. ओळ जितकी लांब तितकें तिचें तुटणें निश्चित. ओळीच्या जाळ्यांस कोणतीही सीमा ओलांडून कायमचें जुळतां येत नाहीं, असें गणित सांगतें.

लोझान येथील ऑलिव्हिए दूस, पॅट्रिक तिरां व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं ह्या प्रश्नाचा विचार केला. ओळीसारख्या अरुंद पट्ट्यांत ठाण्यांबरोबर मधूनमधून, स्वतंत्र तारेनें जोडलेले, मनोरे उभारले तर फार मोठा लाभ होतो, असें त्यांस आढळलें. चारी बाजूंस पसरलेल्या क्षेत्रांत मनोऱ्यांचा लाभ त्या मानानें कमी. म्हणून पाणीवाटप संस्थांनीं कालव्यावर ठराविक अंतरावर मुख्य ठाणीं ठेवावीं. गांवच्या शिवारांत मात्र तोच पैसा शेजार दाट करण्याकडे लावावा.

पानांची आडकाठी

ह्या गणितांत टप्पा सर्वत्र सारखा धरलेला असतो. शेतांत तो तसा राहत नाहीं. नेदरलंड्समध्यें २००५ सालीं एका बटाट्याच्या शेतांत करप्याची पूर्वसूचना मिळावी म्हणून शंभरावर बिनतारी ठाणीं बसविण्यांत आलीं. त्यापूर्वीं केलेल्या मोजणींत असें दिसून आलें होतें कीं, बटाटा फुलावर आला असतां पानांच्या दाटीमुळें ठाणीं फार तर १० मीटरांवर ठेवावीं लागतात. पुढें प्रत्यक्ष प्रयोगांत यंत्रांतील आज्ञावलीच्या चुका व इतर अडचणी येऊन, हंगामांत अपेक्षित मोजमापांपैकीं शेंकडा २ च्या सुमारासच हातीं आलीं. प्रयोग करणाऱ्यांनीं ही हकीगत न लपवितां प्रसिद्ध केली, हा त्यांचा मोठेपणा होय. आपणांस त्यापासून घेण्याजोगा धडा हा कीं, दुकानदारानें सांगितलेला टप्पा मोकळ्या मैदानावरचा असतो. ऊंस डोक्यावर गेल्यावर, किंवा द्राक्षाचा मांडव भरल्यावर, तोच टप्पा पुन्हां मोजून पाहावा व हिशोब त्या आंकड्यावर करावा. टप्पा निम्मा झाला तर शेजार चौथाई होतो, हें वर सांगितलेंच आहे.

जाळें जुळलें म्हणजे त्यांतून हवें तितकें वाहून नेतां येईल असेंही समजूं नये. गुप्ता व कुमार यांनीं २००० सालीं दाखविलें कीं, ठाणीं वाढत गेलीं तसा प्रत्येकाच्या वांट्यास येणारा निरोपाचा हिस्सा घटत जातो. ठाणीं चौपट झालीं तर तो निम्म्याहूनही खालीं येतो. पाटाचें पाणी तेंच आणि खातेदार वाढले म्हणजे पाळी लांबते, तसाच हा प्रकार. शिवाय सर्व ठाणीं एकदम बोलूं लागलीं तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजांत बुडतो. दिवसांतून चार वेळां ओलाव्याचा आंकडा पाठविण्यास ह्याची अडचण पडत नाहीं. चित्रें पाठवावयाची असतील तर मात्र हें जाळें त्या कामाचें नव्हे.

संस्थांनीं काय करावें

यंत्रें मागविण्यापूर्वीं गांवनकाशा पुढें घ्यावा. ज्या गटांत ठाणें बसेल तेथें एक ज्वारीचा दाणा ठेवावा, व प्रत्येक दाण्याभोंवतीं टप्प्याच्या निम्म्या त्रिज्येचें वर्तुळ कंपासानें काढावें. ज्यांचीं वर्तुळें एकमेकांस लागतात तीं ठाणीं बोलूं शकतात. वर्तुळांची सांखळी कचेरीपर्यंत अखंड येते कीं नाहीं, हें डोळ्यांस दिसतें. कोठें तुटते तेंही दिसतें. एका बैठकींत होणारें हें काम आहे, आणि त्यानें पुढील सर्व खर्चाची दिशा ठरते.

दुसरें असें कीं, वर्गणी सीमेपलीकडे जाण्याइतकी जमेपर्यंत खरेदी थांबवावी. दरवर्षीं थोडीं यंत्रें घेऊन गांवभर विरळ पसरण्यापेक्षां पहिल्या वर्षीं एकच वाडी किंवा एकच पाणलोट दाट भरावा, व पुढें त्यास लागून वाढवीत न्यावें. तिसरें, शिवेवरच्या व कोपऱ्यांतल्या खातेदारांसाठीं दोन-चार जादा ठाणीं संस्थेच्या खर्चानें, उंच काठीवर, प्रथमच बसवावीं. शिवेपलीकडील गांवच्या संस्थेशीं बोलणें करून दोन्ही गांवांचीं ठाणीं एकमेकांचे निरोप नेतील अशी व्यवस्था केली तर शीव ही जाळ्याची कड राहत नाहीं, व दोन्ही गांवांचा लाभ होतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा आपल्या देशांत परवान्यावांचून खुला आहे, तेव्हां त्या पट्ट्यांत चालणारीं मान्यताप्राप्त यंत्रें घेतल्यास ह्या कामीं परवान्याची आडकाठी नाहीं.

ह्या जाळ्यांत एकट्याच्या यंत्राची किंमत त्याच्या शेजाऱ्यांच्या यंत्रांवर ठरते. ज्याच्या शेजारीं ठाणें नाहीं त्यानें कितीही महाग यंत्र घेतलें तरी त्याचा निरोप बांधाबाहेर जात नाहीं. म्हणून पुढील वर्षाचा खर्च मंजूर करतांना, यंत्रें किती घेतलीं हा आंकडा सभेपुढें ठेवून संस्थांनीं थांबूं नये. शिवेवरच्या किती खातेदारांचे निरोप कचेरींत रोज येतात, हा आंकडाही अहवालांत असावा, आणि सभासदांनीं तो मागून घ्यावा.